रायतूरचा पुराणिक

गोदावरीकाठी बासर येथे सरस्वतीचे प्राचीन देवस्थान आहे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे; आता निर्मल जिल्ह्यात गेले. त्या बाजूची मराठी व तेलुगू कुटुंबे लहान मुलास तेथे नेऊन देवीसमोर पहिले अक्षर गिरवून घेतात. लेखन ही उपासना होय, हे देवळाच्या आश्रयाने वाढलेल्या आम्हां मंडळींस कोणी निराळे समजावून द्यावे लागत नाही. परंतु परधर्मीयाने आपल्या देवाच्या सेवेसाठी आमच्याच ओवीत लेखणी धरली, तर तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? या प्रश्नास आम्ही बहुधा बगल देतो. आणि तो प्रश्न उभा राहिला तोही नेमका आमच्या जुन्या भूमीत, सासष्टीत.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा. जन्म १५४९ च्या सुमाराचा. रोमला जाऊन तो १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात चढला आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मरण येईपर्यंत, तो येथेच राहिला; त्यातील बहुतेक काळ सासष्टीत गेला.

तो आला ती सासष्टी कशी होती, हे आमच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. १५६७ मध्ये तेथील शेकडो देवळे पाडली गेली होती. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला तो याच काळात. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांस ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फो आक्वाविवा होता. त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळणेच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल करण्यात आली. या घटनेनंतर तीनच महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, स्टीफन्सने आपल्या भावास पत्र लिहिले. त्यात येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असे त्याने नमूद केले आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यास संस्कृताविषयी असेच सांगितले ते १७८६ मध्ये. इतक्या रक्तपातानंतर, इतक्या लवकर, एखाद्याचे लक्ष विभक्तिप्रत्ययांकडे जावे, याचे आम्हांस आश्चर्य वाटते, आणि थोडे भयही वाटते.

लेखनाची प्रेरणा मात्र त्यास रोमहून आली नाही. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच ती हकीकत आहे. सासष्टीतील एका देवळात (ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनामंदिरास देऊळच म्हणत) धर्मशिक्षण चालले असता, बाटलेल्यांपैकी एक ब्राह्मण उठून बोलतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: आमची जुनी पुराणे तुम्ही वाचावयास मना केलीत, तर आमच्या मनास विसावा देणारे दुसरे पुराण तरी तुम्ही का रचीत नाही? आम्हांस या ग्रंथातील सर्वांत अस्सल वाक्य हे वाटते. ती मागणी नव्हे, फिर्याद आहे. ज्याचे पुराण हिरावून घेतले त्याने भरपाई मागितली, आणि ज्या संघाच्या राज्यात ते हिरावले गेले त्यातील एकाने ती आपल्या परीने देऊ केली. वकिली भाषेत सांगावयाचे तर प्रतिवादीने दावा अंशतः कबूल केला.

ही भरपाई लहान नव्हे. दोन भाग, ९५ अवस्वर, सुमारे ११,००० ओव्या! हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूरास छापला गेला, तेव्हा कर्ता सदुसष्टीच्या आसपास पोहोचला होता. आरंभी पित्यास, पुत्रास व पवित्र आत्म्यास नमन आहे, पण त्या नमनाची चाल मराठी संतकवींच्या मंगलाचरणाची आहे. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो. मराठीची थोरवी गाताना रत्ने, फुले, परिमळ यांच्या उपमा देतो. त्या ओव्या आज शाळकरी मुलांसही ठाऊक असतात. प्रास्ताविकात तो सांगतो की, शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे कोंकणीतील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले आहेत. दोन भाषांत निघणाऱ्या या मासिकाने तरी याबद्दल त्याच्याशी भांडू नये. कोंकणीतही त्याने लिहिले: धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये निघाली आणि व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्याच्या मरणानंतर, रायतूरासच.

यावरून काहीजण त्यास मराठीचा निरपेक्ष प्रेमी ठरवून मोकळे होतात. ते आम्हांस मान्य नाही. आमच्या देवांस तो देवचार म्हणतो. ग्रंथाचा हेतू लपविण्याची त्यास गरजही वाटली नाही. देवळे पाडणारी सत्ता आणि त्याची लेखणी एकाच छत्राखाली होती. परंतु उलट पक्षी, केवळ शत्रूची चाल म्हणून ११,००० ओव्या कोणी लिहीत नाही. चालीसाठी प्रश्नोत्तरी पुरते. यमक जमेपर्यंत चरण घोळवणारा मनुष्य त्या भाषेत स्वतःही प्रार्थना करू लागलेला असतो, असे आमचे मत आहे. साक्षीपुराव्याने ते सिद्ध करता येणार नाही, हेही आम्ही जाणतो.

ग्रंथाचे पुढील भाग्य विलक्षण ठरले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. छापील प्रत आज एकही ज्ञात नाही. टिकल्या त्या हाताने उतरून घेतलेल्या पोथ्या. गोव्याहून कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरास रोमन लिपीत आवृत्ती काढली. घरदार सोडताना काय उचलावे, हे आमच्या पूर्वजांप्रमाणे त्यांसही कळले होते.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १६०८ च्या डिसेंबरात स्टीफन्सने रोमला आपल्या संघप्रमुखास विनंती केली होती की, येथील पुस्तके येथील लिपीत छापता यावीत. अडचण खिळ्यांची होती: युरोपात चोवीस पुरतात, येथे सहाशेपर्यंत लागतील. ती विनंती फळास आली नाही आणि पुराण रोमन अक्षरांतच निघाले. पुढे लंडनमध्ये त्याची एक देवनागरी पोथी आढळली. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून हा ग्रंथ देवनागरीत छापून काढला. मूळ आवृत्तीस तेव्हा ३४० वर्षे झाली होती.