देवनारभोवतीच्या मतपेट्या: पाडण्याची ताकद आहे, निवडून आणण्याची कधी?

विधानसभेचा निकाल लागला की देवनार, गोवंडी, चेंबूरच्या वस्त्यांमध्ये तोच वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, ‘तुमच्या उमेदवाराने मते खाल्ली.’ दुसरा विचारतो, ‘आमच्या मतांचा सातबारा तुमच्या पक्षाच्या नावावर कधी झाला?’ आम्ही याच वस्त्यांत काम करतो. हा वाद आम्हीही अनेकदा घातला आहे, पण तो घालताना आकडे आणि इतिहास समोर ठेवला नाही. आज तो ठेवू.

२००८ च्या फेररचनेनंतर देवनारभोवती विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत: अणुशक्तीनगर, मानखुर्द-शिवाजीनगर आणि चेंबूर. पहिले दोन तेव्हा नव्याने तयार झाले आणि २००९ मध्ये तिथे पहिल्यांदा मतदान झाले. लोकसभेला अणुशक्तीनगर आणि चेंबूर दक्षिण-मध्य मुंबईत जातात, तर मानखुर्द-शिवाजीनगर ईशान्य मुंबईत. प्रश्न एकच असले तरी खासदार दोन. शिवाय तिन्ही मतदारसंघ खुले आहेत. मुंबईत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा दोनच, धारावी आणि कुर्ला. म्हणजे इथे आरक्षणाने कोणालाही आपला उमेदवार द्यावा लागत नाही. तो आपल्याला आपल्या बळावर द्यावा लागतो.

हे अशक्य नाही, हे चेंबूरने दाखवले आहे. आंबेडकरी चळवळीतून आलेले, मुंबईचे माजी महापौर चंद्रकांत हंडोरे काँग्रेसच्या तिकिटावर २००४ आणि २००९ मध्ये इथून निवडून आले, तेही खुल्या जागेवर. मग २०१४ आले. युत्या आणि आघाड्या तुटल्या, मोठे पक्ष वेगवेगळे लढले. शिवसेनेचे प्रकाश फातर्पेकर सुमारे ४७ हजार मतांवर जिंकले. हंडोरेंना ३७ हजारांवर मते मिळाली. भाजपसोबत असलेल्या आठवले गटाचे दीपक निकाळजे यांना ३६ हजारांवर. दोघांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा कितीतरी जास्त होते.

पण मित्रांनो, ही बेरीज फसवी आहे. हंडोरेंच्या मतांत काँग्रेसचा पारंपरिक मतदार होता, निकाळजेंच्या मतांत भाजपचा. ही सगळी मते आपली नव्हती आणि एक उमेदवार मागे हटला असता तर ती दुसऱ्याला मिळालीच असती, असेही नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. एकाच चळवळीचे दोन कार्यकर्ते दोन मोठ्या पक्षांच्या खांद्यावर बसून एकमेकांसमोर उभे राहिले. ते भांडण आपले होते की त्या पक्षांचे?

२०१९ मध्ये पुन्हा तेच. फातर्पेकर सुमारे ५३ हजार, हंडोरे सुमारे ३४ हजार आणि वंचित बहुजन आघाडी २३ हजारांच्या घरात. पुढे जून २०२२ च्या विधान परिषद निवडणुकीत हंडोरे काँग्रेसच्या पहिल्या पसंतीचे उमेदवार होते. ते पडले आणि त्याच पक्षाचा दुसरा उमेदवार निवडून आला. २०२४ मध्ये त्यांना राज्यसभेवर पाठवले गेले. खासदारकी मिळाली याचा आनंद आहेच. पण चेंबूरच्या मतदाराने दिलेली जागा आणि पक्षश्रेष्ठींनी दिलेली जागा यांत फरक असतो. पहिलीचा हिशेब वस्तीला द्यावा लागतो, दुसरीचा श्रेष्ठींना.

आता अणुशक्तीनगर पाहा. २००९ मध्ये राष्ट्रवादीचे नवाब मलिक जिंकले. २०१४ मध्ये शिवसेनेच्या तुकाराम काते यांनी त्यांना १,००७ मतांनी पाडले. हजार मते म्हणजे पुनर्वसनाच्या चार-पाच इमारती! २०१९ मध्ये मलिक परत आले. २०२४ मध्ये अजित पवार गटाच्या सना मलिक यांनी शरद पवार गटाच्या फहाद अहमद यांना ३,३७८ मतांनी हरवले. त्याच निवडणुकीत वंचितला १० हजारांवर मते होती. लगेच आरोप झाला: मते खाल्ली. आम्ही विचारतो, पहिले दोन्ही उमेदवार एकाच फुटलेल्या पक्षाच्या दोन तुकड्यांचे होते. आंबेडकरी मतदाराने त्यांतला एक तुकडा आपला का मानावा? त्यासाठी कोणी त्याच्याशी आधी बोलले होते का?

शेजारच्या मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये अबू आझमी २००९ पासून सलग चार वेळा जिंकले आहेत. २०२४ मध्ये तिथे दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम होती आणि खुद्द नवाब मलिक बरेच मागे राहिले. त्या राजकारणाशी आपले मतभेद असू शकतात. पण मोठ्या पक्षाच्या दारात न जाताही खुल्या जागेवर पाय रोवता येतो, एवढे त्यातून दिसते.

बाबासाहेबांनी हा अनुभव सर्वांत आधी घेतला. १९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेला ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. तो दुहेरी मतदारसंघ होता. त्यात ७४,३३३ मते वाया गेली. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध दाद मागितली आणि मते कुजवल्याचा ठपका डांग्यांच्या प्रचारावर ठेवला. पण १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकत्र लढले. मध्य मुंबईतून डांगे निवडून आले आणि त्यांच्याबरोबर फेडरेशनचे जी. के. मानेही. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड जिंकले. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले हे चौघेही लोकसभेत गेले. ही एकीही टिकली नाही.

दोन्ही वेळी युती होती, पण आपण तिच्यात एक पक्ष म्हणून गेलो होतो. सुटे सुटे गेलो तेव्हा आपण कोणाच्या तरी विजयाचे किंवा पराभवाचे कारण ठरलो, विजेते ठरलो नाही.

याची किंमत कोण मोजतो? देवनारचे डम्पिंग १९२७ पासून आहे. २०१६ मधल्या आगीचा धूर आमच्या वस्त्यांनी दिवसेंदिवस गिळला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने याच डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावी प्रकल्पासाठी देण्याचे ठरवले. उद्या आणखी गरीब माणसे कचऱ्याच्या डोंगरावर राहायला येतील. एवढ्या मोठ्या निर्णयात इथल्या मतदाराला कोणी विचारले?

म्हणून ‘मते कोणी खाल्ली’ हा वाद आता पुरे. चार कामे करू. मतदारयादीतून गळलेली नावे निवडणुकीच्या वर्षभर आधी भरू, कारण पुनर्वसनात घर बदलले की नावही हरवते. नगरसेवकाच्या निवडणुकीपासून सुरुवात करू. तिन्ही मतदारसंघांत गट कोणताही असो, आंबेडकरी उमेदवारासमोर आंबेडकरी उमेदवार नको, हे विहारात बसून आधी ठरवू. आणि युती करायची तर डम्पिंग, घर आणि दवाखाना यांवरच्या अटी लेखी घेऊ.

पाडण्याची ताकद आपण अनेकदा सिद्ध केली. तिने कोणाला तरी धडा शिकवला असेल, पण आपल्या वस्तीचा धूर कमी झाला नाही.

जयभीम!