चौकातला आवाज आणि कानातला आवाज



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा व्याख्यात्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याचा आवाज जेथवर पोहोचे, तेथवरच सभा. आज हे यंत्र पुढे आहे, म्हणून घोषणा देऊन देऊन घसा बसलेल्या माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्यालाही शेवटच्या रांगेशी बोलता येते. आवाज किती लांब जावा, तो कोणाच्या कानी पडावा आणि त्या कानाची काळजी कोणी घ्यावी, याला एक इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही. मी शाळा लवकर सोडलेला माणूस. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, मिळेल त्या पुस्तकातून. त्या आधारावर हा विषय आपल्यापुढे मांडतो.

त्याला निमित्त माझ्या गावी झाले. माझे गाव शिरूर तालुक्यातील निमोणे. गेल्या दिवाळीत रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा आमच्या भावकीतला एक तरुण भेटायला आला. त्याच्या हातात काड्यापेटीएवढी एक धातूची डबी होती. तिचे एक टोक मोबाइलला जोडलेले, दुसऱ्या टोकाला हेडफोन. “नाना, जरा ऐका तर,” असे म्हणून त्याने तो माझ्या कानांवर चढवला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची जुनी ध्वनिमुद्रिका लागली होती. तो बारीक, तारेसारखा स्वर इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, “अरे, तुझ्या डबीने तबकडीची खरखर अगदी पुसून टाकली की!”

पोरगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “न्हाय नाना, खरखर लई हाय. तुम्हाला ऐकू येत न्हाय का?”

या प्रश्नाकडे मी शेवटी परत येईन. आधी ही डबी कोठून आली ते पाहू.

हेडफोन ही मुळात चैनीची वस्तू नव्हे. ते कामगाराचे अवजार होते. मुंबईत १८८२ साली टेलिफोनची कचेरी उघडली. अशा कचेऱ्यांतून जगभर ज्या माणसांनी तारा जोडण्याचे काम केले, त्यांच्या कानाला दिवसभर यंत्र लागलेले असे. पुढे अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात सुधारलेले हेडफोन तयार केले आणि १९१० च्या सुमारास ते तेथील आरमाराला विकले. बिनतारी संदेश टिपणाऱ्या खलाशांसाठी ते होते. म्हणजे कान प्रथम मजुरीला लागला. संगीत त्यात नंतर आले.

संगीताकडे पाहू. त्या काळी गाणे ऐकायचे तर दरबारी असावे लागे, मैफलीला बोलावणे असावे लागे, किंवा नाटकाचे तिकीट परवडावे लागे. उरलेल्यांसाठी देवळातले भजन आणि जत्रेतला तमाशा. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर उतरवले गेले. तेव्हा यंत्रात वीज नव्हती. गायिकेने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे, त्या हवेच्या धक्क्याने सुई हलावी आणि मेणात रेघ उमटावी. तीन मिनिटांच्या आसपास गाणे संपवावे लागे. हळुवार जे काही असेल ते कर्ण्याच्या बाहेरच राही. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांनी तर आपले गाणे तबकडीला दिलेच नाही. १९४६ साली ते गेले आणि त्यांचा आवाज त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी मात्र मोजक्या ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यांतील भैरवीची एक मुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गुरूंचा आवाज कोल्हापुरात उरला नाही आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला. मधले अंतर यंत्राने निर्माण केले.

१९२५ पासून ध्वनिमुद्रणात विजेचा वापर होऊ लागला. अगदी क्षीण विद्युत्प्रवाह बळकट करणारी काचेची नळी, म्हणजे व्हॉल्व्ह, १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी शोधली होती. तिच्यामुळे मायक्रोफोनने टिपलेली कुजबुजही तबकडीवर उतरू लागली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांचे १९३० नंतरचे गाणे आपल्याला इतके नाजूकपणे ऐकू येते, ते यामुळे. ॲम्प्लिफायर ज्याला म्हणतात तो हाच: दुबळ्या आवाजाला बळ देणारा. कामगार चळवळीतल्या माणसाला त्याचे काम समजावून सांगावे लागत नाही.

याच बळकटीने आवाज चौकात आला. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, १९५३ साली पुण्याचे. त्याच १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि रात्ररात्र हजारो माणसे एकत्र बसून ख्याल ऐकू लागली. मुंबईच्या गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. त्यांचे पोवाडे मैदानात घुमले. तो ऐकण्याचा सार्वजनिक काळ होता. शेजाऱ्याची मान हलली की आपलीही हलत असे.

नंतर आवाज पुन्हा एकेकट्याच्या कानाकडे वळला. १९५४ साली ट्रान्झिस्टरचा खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेत निघाला. १९६३ साली कॅसेट आली, आणि १९७९ च्या जुलैमध्ये जपानात सोनी कंपनीचा वॉकमन. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावण्यासाठी एक नव्हे, दोन जागा होत्या. शिवाय एक बटण दाबले की ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलताही येई. एकट्यानेच ऐकणे हे काहीसे असभ्य दिसेल, असे करणाऱ्यांना वाटले असावे. पुढच्या काळात ती दुसरी जागा नाहीशी झाली. त्याबद्दल कोणी मोर्चा काढला नाही.

आता ती डबी. १९८२ साली सीडी आली, तेव्हापासून गाणे रेघेत न राहता आकड्यांत राहू लागले. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहून ठेवायचे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा केली की लाट जशीच्या तशी परत उभी करता येते. ती उभी करणाऱ्या भागाला मुले ‘डॅक’ म्हणतात. आपण परिवर्तक म्हणू. परिवर्तकाने केलेली लाट दुबळी असते. तिला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देतो तो ॲम्प्लिफायर. साध्या हेडफोनचा रोध १६ ते ३२ ओहम असतो, काही स्टुडिओतल्यांचा ३०० पर्यंत. अशांना मोबाइलचे बळ पुष्कळदा अपुरे पडते. हे दोन्ही भाग मोबाइलच्या आत लहान रूपात असतच. २०१६ पासून अनेक मोबाइलना हेडफोनचे छिद्रच राहिले नाही, तेव्हा ते वायरीच्या टोकाला आले, किंवा बिनतारी हेडफोनच्या पोटात गेले. चांगली डबी एवढेच करते, की हे काम कमी गडबडीने आणि पुरेशा बळाने करते. काही हजार रुपयांत ती मिळते, लाखाच्याही आहेत. पण जे मुद्रणात नाही ते कोणतीही डबी आणू शकत नाही, आणि जे कानात उरलेले नाही तेही नाही.

म्हणून पोराच्या प्रश्नाकडे वळतो. तबकडीची खरखर हा पुष्कळसा वरच्या पट्टीचा आवाज. मी विशीत असताना एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर कामाला लागलो. आठ तास तो घणाघात. कानाला बोळा मागितला तर मुकादम हसे. गोंगाटाने कान जातो तो एकदम जात नाही. सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासचे ऐकणे आधी झिजते. बोलणे ऐकू येत राहते, म्हणून माणसाला कळत नाही. ९० डेसिबलपर्यंतच्या आवाजात आठ तास ही मर्यादा नियमांत लिहिलेली होती. गोंगाटाने येणारे बहिरेपण कारखाना कायद्याच्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदलेले होते. ते कलम मी इतरांसाठी व्यवस्थापनापुढे कितीतरी वेळा वाचून दाखवले. स्वतःचा कान तपासला नाही. ती तपासणी त्या काड्यापेटीएवढ्या डबीने केली.

श्रोतेहो, मजुराने असल्या वस्तूवर पैसे का घालवावेत, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: जो कान दिवसभर यंत्राला विकावा लागतो, त्याला संध्याकाळी खाँसाहेब ऐकण्याचा पहिला हक्क आहे. पण तोच कान बळकट ॲम्प्लिफायरने आपल्या हातांनी जाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली घालून दिलेले माप सोपे आहे: ८० डेसिबल, आठवड्यास ४० तास; त्याहून मोठे ऐकायचे तर वेळ कमी करावा. बसच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवू नये; कानात नीट बसणारे हेडफोन घ्यावेत, म्हणजे हळू आवाजातही गाणे पुरते. हे मी त्या पोराला सांगितले आणि विचारले, “कंपनीत कानाला बोळे देतात का रे?”

“देत्यात नाना. पण कोण घालतंय!”

“तू घाल. नाहीतर माझ्यासारखी तुलाही एक दिवस खरखर ऐकू येणार नाही.”

तो काही बोलला नाही. त्याच्या डबीला हेडफोनसाठी दोन छिद्रे होती, पण वेगवेगळ्या मापांची. दोघांना एकदम ऐकता येईना. मग त्याने हेडफोन काढून ठेवला, मोबाइलचा आवाज मोठा केला, आणि आम्ही ओट्यावर बसून उरलेले गाणे दोघांनी ऐकले. आवाज अगदीच सुमार होता. आतून बायका ऐकायला बाहेर आल्या.