मेळाव्यातली टाळी

दरवर्षी 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी सीमाभागातली माणसं जमतात. बेळगुंदीहून हिंडलगा काही फार लांब नाही, त्यामुळे आमच्याकडच्या बायकाही जातात. काही वर्षांपूर्वी मी अशीच गेले होते. फुलं वाहून झाली, भाषणं सुरू झाली, आणि शेजारी बसलेली एक तरुण सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, त्या वेळी पन्नासजण गेले नव्हं?"

मी म्हटलं, "नाही गं, नऊ."

तिचा चेहरा उतरला. "नऊच?" म्हणाली.

भाषणातलं पुढचं काही मला आठवत नाही, पण तो 'च' अजून आठवतो. पन्नासचा आकडा तिनं मागच्या कुठल्याशा मेळाव्यात ऐकला होता, मग कुणीतरी तो मोबाइलवरही पाठवला होता. पोरगी खोटारडी नव्हती. तिला खरंच वाईट वाटत होतं. पण पन्नास ऐकून बसल्यावर नऊ माणसं तिला कमी वाटली. नऊ घरांतले कर्ते पुरुष, तरुण पोरं गोळीला बळी पडली, त्यांत आमच्या बेळगुंदीचेही होते, आणि वाढवून सांगितलेल्या आकड्यानं त्यांचं मरण लहान करून टाकलं. त्या दिवसापासून मी ह्या विषयावर विचार करत आले आहे. मेळाव्याला गेलेलं साधं माणूस खोट्यावर विश्वास कसं ठेवतं, आणि ते खोटं शेवटी कुणाला भोवतं?

आधी खरं काय ते थोडक्यात सांगते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना अमलात आली. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्याकडे गेला आणि बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात राहिला. त्याआधीच, जानेवारी 1956 मध्ये, ह्या निर्णयाविरुद्ध इथं उठाव झाला होता. 17 जानेवारी हा दिवस आम्ही अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतो. त्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते ह्या एक बाई होत्या. आपल्यातल्या किती जणींना हे नाव ठाऊक आहे? फुगवलेले आकडे पाठ असतात आणि खरं नाव कुणाच्या ध्यानात नसतं, इथूनच गोष्ट सुरू होते.

पुढे तीस वर्षांनी, रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना, कानडीच्या सक्तीवरून पुन्हा आंदोलन पेटलं. जून 1986 मधलं. शरद पवार, छगन भुजबळ असे पुढारी बंदी मोडून बेळगावात आले, भुजबळ तर वेषांतर करून आले. गोळीबार झाले आणि नऊजण गेले.

मी त्या वेळी बेळगुंदीत नव्हते, लग्न होऊन नंतर आले. त्या दिवसांचं मला सांगितलं ते आमच्या आत्याबाईंनी. (सासूला आमच्याकडे असंच म्हणतात.) त्या सांगायच्या, गावात फोन एखाददुसरा. रस्ते बंद, एसटी बंद, पेपर वेळेवर नाही. तरुण पोरं पोलिसांच्या भीतीनं काजूच्या बागांत झोपायला जायची. सकाळी विहिरीवर बायका जमल्या की पहिली विचारायची, काय कळलं का? कुणालाच काही कळलेलं नसायचं. मग एक म्हणायची, अमक्या गावात दोघं गेले म्हणे. तीच बातमी दुपारपर्यंत दहाची व्हायची आणि दिवे लागेपर्यंत वीसची.

इथवर ठीक होतं, म्हणजे भीतीच्या दिवसांत असं होतं. पण एक अफवा आमच्याच दारात येऊन उभी राहिली. आत्याबाईंचं माहेर अथणीकडचं, कानडी बोलणारं जैन घर. आपल्या समाजात हे काही नवीन नाही. अर्ध्या घरांत सासर मराठी आणि माहेर कानडी असतं. बस्तीत आरती मराठीत आणि अंगाई कानडीत, असं आमचं चालतं. तर देवळापुढच्या बैठकीत कुणीतरी बोललं, "जैनाच्या घरातली ती बाई कानडीत बोलते. पोलिसांना पोरांची नावं तीच सांगते." चारजणांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा रतीब बंद. विहिरीवर आत्याबाई गेल्या की बाकीच्या घागरी उचलून निघायच्या.

पंधरा दिवसांनी धरून नेलेली पोरं सुटून आली. त्यांनीच सांगितलं, मोर्चात जो हाती लागला त्याला धरलं, नावं सांगायला कुणी गेलंच नव्हतं. ज्यानं बैठकीत ते काढलं होतं तो कधी काही बोलला नाही. मान डोलावणारेही बोलले नाहीत. शेजारची एक बाई मात्र पाडाचे आंबे पदराखाली घेऊन आली आणि चुलीपुढं बसून रडली. रतीब पुन्हा सुरू झाला. पण आत्याबाई पुढची कितीतरी वर्षं रस्त्यावर कानडी बोलल्या नाहीत. अथणीहून बहीण आली तरी तिच्याशी आत, दार लोटून बोलायच्या.

मला जे कळतं ते असं. त्या बैठकीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्या गावातली माणसं मेली होती, आणि ते दुःख शंभर टक्के खरं होतं. खोटं त्या खऱ्या दुःखाच्या पाठीवर बसून आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांचा अभ्यास करून ऑलपोर्ट आणि पोस्टमन ह्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1947 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं साधं आहे. गोष्ट जिव्हाळ्याची हवी आणि तिच्याबद्दल पक्की माहिती नसावी, अफवेला एवढं पुरतं. ह्यांतलं एक जरी नसलं तरी अफवा धरत नाही. आमच्या सीमाभागाला दोन्ही लागू. प्रश्न जिव्हाळ्याचा, आणि खरी कागदपत्रं सामान्य माणसाच्या हाती कधीच न येणारी.

महाजन अहवालाचंच घ्या. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्र सरकारनं 1966 च्या ऑक्टोबरात निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला, 1967 मध्ये अहवाल आला. आमच्या बाजूच्या मेळाव्यात ऐकाल तर, 'महाजननं सगळं कर्नाटकाला देऊन टाकलं.' पलीकडच्या मेळाव्यात ऐकाल तर, 'महाजन अहवाल हाच अंतिम निकाल, विषय संपला.' टाळ्या दोन्हीकडे पडतात. आता अहवालात काय आहे? बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवा, असं त्यात आहे, हे खरं. पण निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत, असंही त्यात आहे. उलट अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर ह्या भागांतली गावं तिकडे द्यावीत, असंही आहे. महाराष्ट्रानं तो नाकारला. बॅरिस्टर अंतुल्यांनी त्यातल्या विसंगती दाखवणारं पुस्तक लिहिलं. अहवाल कधी अमलात आलाच नाही. आणि आयोगाची शिफारस म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला.

निपाणीकडच्या माझ्या एका नात्यातल्या वहिनींना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमचं गाव महाराष्ट्राला द्या म्हणून त्यात लिहिलंय? पन्नास वर्षं सभा ऐकतोय, हे कुणी सांगितलंच नाही." सांगणार कोण? अर्धं सत्य सांगायला सोपं आणि टाळीला चांगलं. पुरतं सत्य सांगायला गेलं तर दहा मिनिटं लागतात आणि माणसं उठून जातात.

जुन्या शिलालेखांचंही तसंच. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, आपल्यापैकी बऱ्याच जणींनी ती डोळ्यांनी पाहिली असतील. ती मराठीतली सर्वांत जुनी अक्षरं, असं आम्ही शाळेत शिकलो, आणि मेळाव्यात त्याच्यापुढं आणखी एक पायरी चढते, 'म्हणजे तिथवर आपलंच होतं.' खरं तर त्या ओळींच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, अक्षीच्या शिलालेखालाही पहिलेपणाचा मान देतात. आणि मुख्य म्हणजे त्याच पाषाणावर कानडी आणि तमिळ अक्षरंही आहेत. इकडे बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती रट्टांच्या काळातली, 1204 ची, तिचे लेख कानडीत. बाहुबलींच्या पायाशी तीन भाषा आठशे-हजार वर्षं गुण्यागोविंदानं राहिल्या. वर मान करून बघणाऱ्यांना ते दिसतं. व्यासपीठाकडे बघणाऱ्यांना त्यातली एकच भाषा दिसते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं फोन नसतानाचं. आता खरं-खोटं एका बोटावर कळतं. मग 2022 चा डिसेंबर आठवा. नोव्हेंबरात जत तालुक्यातल्या गावांवरून दोन्ही राज्यांच्या पुढाऱ्यांची जुंपली. 6 डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं. आमच्याकडच्या पोरांच्या मोबाइलवर पुढाऱ्यांच्या नावानं एकेक वाक्य येत होतं, वाचून डोकं फिरावं असं. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना, बोम्मई आणि शिंदे यांना, दिल्लीत समोरासमोर बसवलं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं खोट्या ट्विटर खात्यांवरून मजकूर पसरवला गेला, त्यानं आग वाढली आणि त्याबद्दल गुन्हे नोंदवले जातील. गंमत अशी, की खातं खोटं होतं की खरं, ह्यावरच मग पुढं वाद सुरू झाला! पण फुटलेली काच काही खोटी नव्हती. ती ज्या ड्रायव्हरच्या अंगावर पडली त्याला मराठी-कानडी दोन्ही येत असेल, सीमेवरच्या ड्रायव्हरांना येतंच.

आता आपल्या धर्माचं बोलते, कारण हे मला सगळ्यांत जास्त टोचतं. सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले. त्यांतला पहिला मिथ्योपदेश, खोटी शिकवण देणं. हा व्यासपीठावरच्याचा दोष. मग येते कूटलेखक्रिया, दुसऱ्याच्या नावानं खोटा लेख तयार करणं. तत्त्वार्थसूत्रकारांच्या काळी मोबाइल नव्हता, पण नेत्याच्या नावानं बनवलेला मजकूर म्हणजे कूटलेख नाही तर काय? हे दोन्ही दोष आपले नाहीत, असं म्हणून आपण सुटलो असतो. पण आलोचना करताना आपण रोज काय म्हणतो? कृत, कारित, अनुमोदना. पाप स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा कुणी केलं त्याला मान डोलावली, तिन्हींत आपला वाटा.

मेळाव्यातली टाळी ही अनुमोदना आहे. आलेला मजकूर न बघता पुढं ढकलणं ही तर कारितही आहे. आमच्या आत्याबाईंचा रतीब बोलणाऱ्या एकट्यामुळे बंद झाला नव्हता. तो एकटा काय करणार? मान डोलावणाऱ्या चौघांमुळे बंद झाला.

ह्याचा अर्थ मेळाव्याला जाऊ नये असा मी काढत नाही. मी अजून जाते. आपल्या पोराबाळांना आपल्या भाषेत शिकता यावं, कचेरीत आपल्या भाषेत कागद मिळावा, ह्या मागणीत काहीही खोटं नाही, आणि म्हणूनच तिला खोट्याचा टेकू नको. खोटा आकडा एकदा उघडा पडला की समोरचा खऱ्या नऊंनाही खोटं म्हणायला मोकळा होतो. मग मेळाव्यात बसताना मी एवढंच पाळते. बोलणारा दुःख सांगतो आहे की कुणाचं तरी नाव पुढं करतो आहे, हे बघते. नाव पुढं केलं की माझे हात मांडीवरच राहतात. बाकीच्या सगळ्या वाजवत असताना हात मांडीवर ठेवणं सोपं नाही, करून बघा.

त्या सूनबाईला मी त्या दिवशी परतीच्या वाटेवर आत्याबाईंची गोष्ट सांगितली. ऐकून ती गप्प झाली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, बरोबर तिची लहान मुलगी होती. मुलीनं विचारलं, आई, किती माणसं गं?

"नऊ," ती म्हणाली. 'च' लावला नाही.