कोलारच्या खाणींतील शांतता



सोन्याच्या खाणींत मनुष्य सोन्यासाठींच उतरतो, असा आपला समज. परंतु म्हैसूर राज्यांतील कोलारच्या खाणींत १९५१ सालापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ उतरूं लागले, ते सोन्यासाठीं नव्हे. आकाशांतून येणारे विश्वकिरण जमिनींत किती खोलवर पोंचतात, हें त्यांस मोजावयाचें होतें.

पुढें १९६० नंतर त्यांनीं आपलीं यंत्रें सर्वांत खोल तळाशीं नेलीं. तेथें सुमारें दोन महिने यंत्रें चालूं राहिलीं, आणि एकहि कण नोंदला गेला नाहीं! निराश व्हावें असाच हा प्रसंग. पण श्रीकंठन, मेनन प्रभृतींनीं त्यांतला अर्थ ओळखला. जेथें इतर सर्व कण खडकांत गळून पडतात, तेथेंच न्यूट्रिनोची चाहूल लागावयाची.

हा कण १९३० मध्यें पौलीनें केवळ तर्कानें कल्पिला आणि १९५६ मध्यें रेनस व कोवन यांनीं अणुभट्टीपाशीं पकडला. सूर्यापासून निघालेले सुमारें ६,००० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदास प्रत्येक चौरस सेंटिमीटरांतून पार होतात. वेदगंगेकांठच्या मुरगुडांत निजलेल्या मनुष्यासहि ते भररात्रीं पायांखालून, सबंध पृथ्वी भेदून, गांठतात.

सुमारें २.३ किलोमीटर खोलीवर, जपान व इंग्लंड येथील सहकाऱ्यांसह, यंत्रांच्या उभ्या भिंती रचल्या गेल्या. वरून येणारे विश्वकिरण बहुधा उभे येतात. आडव्या दिशेनें आलेला कण न्यूट्रिनोचेंच अपत्य, ही त्यांतील युक्ति. त्याच वेळीं रेनस यांचा गट दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत हाच शोध घेत होता. घटना प्रथम दिसली ती आफ्रिकेंत. निबंध प्रथम छापला गेला तो कोलारचा, १५ ऑगस्ट १९६५ रोजीं. वातावरणांत जन्मलेले न्यूट्रिनो अशा रीतीनें मानवास प्रथम गवसले.

याच जातीच्या न्यूट्रिनोंवरून १९९८ मध्यें जपानच्या सुपर कामिओकांडे प्रयोगानें दाखविलें कीं, ते वाटेंत आपलें रूप पालटतात. रूप पालटतें तर वस्तुमान असलेंच पाहिजे. तें किती? जर्मनीच्या कार्ल्सरूह येथील मापनानें २०२५ मध्यें मर्यादा घातली ती ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दहा लक्षांश भागाहूनहि कमी. इतका हलका व वेगवान कण विश्वांतील अदृश्य द्रव्याचा हिशेब पुरा करूं शकत नाहीं. हें द्रव्य दृश्य पदार्थाच्या सुमारें पांचपट. त्याचे कण अमेरिकेंतील होमस्टेक या सोन्याच्या जुन्या खाणींत शोधले जात आहेत.

होमस्टेकची खाण बंद पडली, तरी तेथें प्रयोगशाळा उभी राहिली. कोलारची खाण मात्र २००१ मध्यें बंद झाली, ती प्रयोगाचें स्थान सवें घेऊनच. तामिळनाडूंतील नव्या वेधशाळेस २०१५ मध्यें केंद्र सरकारची मान्यता मिळाली. पण स्थानिक विरोधामुळें काम रखडलें. त्या डोंगराची व तेथील लोकांची चिंता क्षुल्लक मानूं नये. मात्र सोनें संपलें म्हणून खाण निरुपयोगी झाली, असें कोलारचा इतिहास जाणणाऱ्यानें तरी म्हणूं नये. तेथील खरें धन ती शांतताच होती.