वीस मिनिटांचं जेवण



परवा नातीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. "आजोबा, बघा, वीस मिनिटांत रात्रीचं जेवण!" पाहिला. पाकिटातलं वाटप, डब्यातलं नारळाचं दूध, झालं. मी म्हटलं, "यात नवं काय? तुझी आजी १९८६ पासून वीस मिनिटांत जेवण करते." आमची ही शेजारीच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "वीस मिनिटं तुम्ही मोजलेली." त्या वाक्यावरून हे लिहायला बसलो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं बालपण पेडणे तालुक्यात, कोरगावला गेलं. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि गावात वीज नव्हती. रॉकेलचा दिवा जेवणापुरता लागायचा. त्यामुळे रात्रीचं जेवण साडेसातच्या आत उरकायचं, हा घरचा कायदा. आई शेतातून यायची तीच तिन्हीसांजेला. म्हणजे झटपट जेवणाची गरज काही आजची नाही.

त्या स्वयंपाकाचा एक नियम मला पुष्कळ उशिरा कळला. रगड्यावर वाटप व्हायचं ते फक्त सकाळी. दुपारच्या हुमणाला नारळ, मिरची, धणे असं सगळं बारीक वाटलेलं असे. रात्री रगडा धुऊन पालथा. म्हणून रात्रीचे पदार्थ बघा, एकालाही वाटप लागत नाही. कुळथाची पिठी, फुटी कढी, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर. किसमुरीला नारळ लागतो, पण नुसता खवलेला. आदोळीवर बसून आई अर्धी कवड दोन मिनिटांत खवायची.

हे सगळं येत कुठून होतं? मे महिन्यातून. आपल्याकडे त्याला पुरुमेंत म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे साठवण, तरतूद. पावसात समुद्र बंद, वाटा बंद, म्हणून चार महिन्यांचं सामान आधीच भरायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सुकी मासळी, हरमलची मिरची, आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ. घरची सोलं उन्हात वाळवायची, तोर मिठाच्या पाण्यात घालायचे. कुळीथ तर घरचेच. पावसाळी भात कापलं की त्याच मळ्यात, उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि चवळी व्हायची. ते कुळीथ भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपात पाखडून सालं काढायची, पुन्हा दळायचे आणि पीठ डब्यात भरून ठेवायचं. मी बँकेत आयुष्य काढलं, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. मे महिन्यात ठेव आणि पावसाळाभर उचल. आम्ही मुलं फक्त उचल बघत होतो.

या ठेवीची खरी परीक्षा १९५५ नंतर झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आमच्याच तालुक्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. भारताने आर्थिक नाकेबंदी केली होती आणि हद्द बंद झाली. आईचं माहेर बांद्याकडचं, काही मैलांवर, पण ते आता परदेश झालं. गोव्यात तेव्हा बटाटे हॉलंडहून येत आणि चहा सिलोनहून. पणजीच्या दुकानांत परदेशी डबे दिसायचे म्हणतात. कोरगावच्या चुलीपर्यंत त्यातलं काही फारसं पोचलं नाही. मी तेव्हा अगदी लहान. पण आईचं एक बोलणं घरात पुढे कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. कोणी काळजी केली की ती म्हणायची, "कुळीथ आसात, सोलां आसात, मीठ आसा. आनीक कितें जाय?" माहेरचं मात्र ती बोलायची नाही. ते मला फार उशिरा उमगलं.

१९६१ साली १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि हद्द उघडली. मी शिकायला पणजीला आलो. आपलं विद्यापीठ व्हायचं होतं, गोवा विद्यापीठ आलं १९८५ साली. आमची कॉमर्सची पदवी मुंबई विद्यापीठाची. १९७२ साली बँकेत लागलो. खोलीवर एकटा राहायचो तेव्हा रात्रीचं जेवण म्हणजे पाव आणि पातळ भाजी. पोदेर संध्याकाळी सायकलचा भोंपू वाजवत यायचा. आमच्या आजीच्या घरात पावाला प्रवेश नव्हता. त्यात माडाची सूर घालतात आणि तो खाल्ला की धर्म जातो, ही जुनी भीती. मी पणजीत रोज उंडे खातो हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

१९७६ साली लग्न झालं. हिचं माहेर डिचोलीचं. सांतिनेजला भाड्याच्या दोन खोल्या. लग्नात 'रुचिरा' मिळालं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे घरोघरी पोचलं. तीन वर्षं रॉकेलच्या स्टोव्हवर काढली, मग गॅसचा नंबर लागला. कुकर आला. १९८१ साली बोनसमधून मिक्सर घेतला. केवढा अभिमान वाटला होता मला, बायकोचे कष्ट वाचवले म्हणून!

आता हिशोब नीट मांडतो. मिक्सर आला आणि आईच्या वेळचा तो नियम मोडला. वाटप दोन मिनिटांत होतंय म्हटल्यावर आम्ही रात्रीसुद्धा हुमण मागायला लागलो. आईला रात्री जी सुट्टी होती, ती हिला राहिली नाही. यंत्राने वेळ वाचवला, आणि वाचलेला वेळ आमच्या जिभेने खाल्ला.

ही नदीपलीकडच्या एका शाळेत शिक्षिका होती, दुपारच्या पाळीत. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. तुमच्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. पणजी आणि उत्तर गोवा यांच्यात पुन्हा फेरीबोट आली. भर पावसात बेतीच्या धक्क्यावर रांगा. सहाला शाळा सुटून ही घरी यायची ती आठला, कधी साडेआठला. साडीचा काठ चिखलाने भरलेला.

मी मात्र घरीच असायचो. बँक चालत जाण्याच्या अंतरावर. ३० जूनचं सहामाही क्लोजिंग आटोपलेलं, त्यामुळे सातच्या आत घरी. दोन्ही मुलं भुकेने कुरकुरत असायची. आणि मी काय करायचो? खिडकीत उभा राहून वाट बघायचो. गॅस पेटवायचं मनातसुद्धा आलं नाही. ही आली की मी विचारायचो, "आज काय करणार आहेस?" ती पाय धुऊन सरळ ओट्यापाशी. कुकरच्या शिट्ट्या, लसणीची फोडणी, पिठीचा वास, आणि वीस मिनिटांत पानं. बँकेत मी कौतुकाने सांगायचो, "आमच्या हिचा हात म्हणजे मशीन आहे." सगळे माना डोलवायचे. नवा पूल व्हायला काही वर्षं गेली, तोवर हे असंच चाललं.

२०१९ च्या पावसात ही अंगणात घसरली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा ओट्यापाशी उभा राहिलो. ही खुर्चीवर बसून सांगणार, मी करणार. पहिल्या दिवशी पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, सगळ्या गुठळ्या. "अहो, आधी गार पाण्यात कालवा," ती म्हणाली. तीन वाट्या पाणी, तीन मोठे चमचे पीठ, लसणीच्या सहा-सात ठेचलेल्या पाकळ्या, हिरवी मिरची, चार सोलं, मीठ. पीठ ओतताना ढवळत राहायचं, उकळी आली की वरून खोबरं. जमलं.

पण भात कच्चा राहिला. उकडे तांदूळ, आयत्या वेळी धुतलेले. मी विचारलं, "तुझा कसा शिजायचा एवढ्यात?" "शाळेत जायच्या आधी भिजत घालून जात होते," ती म्हणाली. खोबरं? ते पहाटे पाचला खवलेलं. लसूण रविवारी सोललेली. आठवडाभरात पिठाचा डबाही संपला, तेव्हा मला शोध लागला की तो आपोआप भरत नाही. भाजणं, भरडणं, पाखडणं, दळून आणणं, यात माझ्या दोन दुपारी गेल्या. पाखडताना अर्धी डाळ अंगणात सांडली. ही हसली, मग मलाही हसू आलं.

रात्री ताटावर बसल्यावर तिला विचारलं, "तेव्हा तू कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं?" आयुष्यभर लोकांची खाती तपासली, घरचं एक खातं कधी उघडून पाहिलं नाही. आईला तर विचारायचंच राहिलं.

आता सोमवार आणि गुरुवार रात्रीचा स्वयंपाक माझा. पिठी, भात, भाजलेला पापड आणि जमलं तर किसमूर. ही म्हणते मीठ अजून अंदाजाने पडत नाही.

मंडळी, तुमच्या घरी रात्री उशीर झाला की काय शिजायचं ते खाली जरूर लिहा. आणि त्याची तयारी कोण, किती वाजता उठून करत होतं, तेही विचारून लिहा. विचारायला ते माणूस घरात असेल तर आजच विचारा.