पायथनची जुनी आवृत्ती आणि अडून बसणारी पॅकेजेस

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आज शाळा-महाविद्यालयांपासून संशोधन संस्थांपर्यंत सर्वत्र वापरली जाते. गिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथे तिच्या रचनेस प्रारंभ केला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्या लोकप्रियतेचे बरेचसे श्रेय जगभरातील प्रोग्रॅमरनी लिहून विनामूल्य खुल्या केलेल्या पॅकेजेसना द्यावे लागेल. ही पॅकेजेस 'पायपीआय' नावाच्या मध्यवर्ती भांडारात ठेवलेली असतात आणि 'पिप' ही छोटीशी आज्ञावली ती तेथून उतरवून आपल्या संगणकावर बसवते. 'पिप इन्स्टॉल' असे लिहून पुढे पॅकेजचे नाव दिले की काम झाले, अशी ही सोय आहे. तरीही पुष्कळदा ही साधी आज्ञा दिल्यावर पडदा लाल अक्षरांनी भरून जातो आणि नवशिक्याचाच काय, मुरलेल्या प्रोग्रॅमरचाही धीर सुटतो.

अशा वेळी पडद्यावरचा संदेश कधी इंटरनेटच्या जोडणीला दोष देतो, कधी व्याकरणाची चूक दाखवतो, तर कधी अमुक कंपायलर सापडत नाही म्हणतो. प्रत्यक्षात यांपैकी अनेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. संगणकावरचे पायथन किंवा त्याच्यासोबतचे पिप कालबाह्य झालेले असते. संदेश शब्दशः खरा मानून उपाय करू गेल्यास दिवस वाया जातो, हा अनेकांचा अनुभव आहे.

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला आयुष्यमर्यादा असते. सध्याच्या प्रघातानुसार दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात एक नवी आवृत्ती येते आणि तिला सुमारे पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. २००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आले तरी पायथन २.७ पुढे बरीच वर्षे वापरात राहिले आणि अखेर १ जानेवारी २०२० रोजी त्याचा आधार संपला. पायथन ३.६ ची मुदत २०२१ च्या डिसेंबरात, ३.७ ची २०२३ च्या जूनमध्ये, ३.८ ची २०२४ च्या ऑक्टोबरात, तर ३.९ ची २०२५ च्या ऑक्टोबरात संपली. मुदत संपलेले पायथन त्या दिवशी बंद पडत नाही, त्यावर पूर्वी लिहिलेल्या आज्ञावली चालूच राहतात. परंतु पॅकेजेसचे लेखक त्याच्यासाठी काम करणे हळूहळू थांबवतात. जँगोने २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या २.० या आवृत्तीपासून पायथन २ ला रजा दिली. नमपायची १.१६ ही पायथन २.७ वर चालणारी शेवटची मालिका ठरली, आणि २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या नमपाय २.० ला किमान पायथन ३.९ लागते.

संदेशामागचा खरा अर्थ

पहिला आणि सर्वांत वारंवार दिसणारा संदेश म्हणजे 'कुड नॉट फाइंड अ व्हर्जन दॅट सॅटिस्फाइज द रिक्वायरमेंट'. त्याच्या शेवटी कंसात 'फ्रॉम व्हर्जन्स : नन' असेही शब्द असतात. म्हणजे 'आपली अट पूर्ण करणारी एकही आवृत्ती मिळाली नाही'. वाचणाऱ्याला वाटते की असे पॅकेजच अस्तित्वात नसावे. वस्तुतः पॅकेजच्या लेखकाने 'यास किमान अमुक पायथन हवे' अशी नोंद करून ठेवलेली असते आणि पिपने त्या नोंदीनुसार सर्व आवृत्त्या बाजूला काढलेल्या असतात. अलीकडच्या पिपमध्ये हे कारण एका वेगळ्या ओळीत सांगितले जाते. जुन्या पिपमध्ये ती ओळ नसते. नावाचे स्पेलिंग चुकले तरी अगदी हाच संदेश येतो, म्हणून आधी नाव तपासावे. अंदाजाने मिळतीजुळती नावे टाकून पाहू नयेत, कारण प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदलून घातक आज्ञावली भांडारात चढवण्याचे प्रकार अनेकदा उघडकीस आले आहेत.

ही नोंद वाचण्याची क्षमता पिपला २०१६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पिप ९ पासून आली. त्याहून जुने पिप नोंदीकडे लक्ष न देता सर्वांत नवी आवृत्ती उतरवते आणि मग जुने पायथन ती वाचताना अडखळते. 'सिन्टॅक्स एरर : इनव्हॅलिड सिन्टॅक्स' हा दुसरा संदेश येथे जन्म घेतो. चूक दाखवलेली ओळ बहुधा निर्दोष असते. उदाहरणार्थ, अवतरणचिन्हापूर्वी एफ हे अक्षर लिहून मजकुरात थेट चलाची किंमत घालण्याची सोय पायथन ३.६ मध्ये आली. २.७ ला किंवा ३.५ ला हे व्याकरण ठाऊकच नाही. २०२१ च्या जानेवारीत पिप २१.० ने या दोन्ही आवृत्त्यांचा आधार काढून घेतला, तेव्हा जुन्या यंत्रांवर पिपच अद्ययावत करू गेलेल्यांना पिपच्याच फाइलमध्ये हा दोष दिसू लागला. दुरुस्तीचे हत्यारच मोडल्यासारखी ही अवस्था होती. पायथन २.७ आणि ३.५ वर चालणारे शेवटचे पिप २०.३.४ हे आहे, आणि जुन्या पायथनसाठी आवृत्तीनुसार वेगवेगळ्या 'गेट-पिप' फाइली पिपच्या निर्मात्यांनी अद्याप उपलब्ध ठेवल्या आहेत.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा. बरीच पॅकेजेस संपूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेली नसतात, वेगासाठी त्यांचा काही भाग सी किंवा रस्ट या भाषांत असतो. वापरणाऱ्यास तो भाग स्वतः कंपाइल करावा लागू नये म्हणून लेखक तयार बांधणी केलेली 'व्हील' फाइल देतात. आपल्या पायथनला, आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आणि आपल्या पिपला समजेल असे व्हील मिळाले नाही, तर पिप गुपचूप मूळ स्रोत उतरवून तो आपल्याच संगणकावर बांधू पाहते. तेथे कंपायलर नसला की काम अडते. २०२१ च्या फेब्रुवारीत 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजची ३.४ ही आवृत्ती आली आणि तिच्या बांधणीसाठी प्रथमच रस्टची गरज निर्माण झाली. लिनक्सवरील असंख्य संगणकांवर 'सेटअपटूल्स-रस्ट नावाचे मोड्यूल नाही' असा संदेश झळकू लागला. लोकांनी रस्ट भाषा बसवण्याचा खटाटोप केला. वास्तविक त्या पॅकेजची तयार व्हील्स भांडारात उपलब्ध होती, पण ज्या नव्या नामपद्धतीने ती नोंदवली होती ती जुन्या पिपला वाचता येत नव्हती. पिप अद्ययावत करताच बहुतेकांचा प्रश्न सुटला. 

विंडोजवर याच प्रकाराचे रूप वेगळे असते. 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस आवश्यक आहे' असा संदेश दिसतो आणि कित्येक गिगाबाइटचा कंपायलर उतरवण्यास माणूस सज्ज होतो. तत्पूर्वी आपल्या पायथनसाठी त्या पॅकेजचे व्हील आहे काय, हे पायपीआयच्या संकेतस्थळावर त्या पॅकेजच्या 'डाउनलोड फाइल्स' या पानावर पाहावे. फाइलच्या नावातच उत्तर असते. 'सीपी ३१२' म्हणजे पायथन ३.१२, 'विन' आणि 'एएमडी ६४' म्हणजे ६४ बिटचे विंडोज. अनेक मोठ्या पॅकेजेसची ३२ बिटसाठी व्हील्स निघतच नाहीत, त्यामुळे ६४ बिटच्या संगणकावर नजरचुकीने ३२ बिटचे पायथन बसवलेले असल्यास आवृत्ती नवी असूनही हीच अडचण येते.

चौथा संदेश सुरक्षित जोडणीविषयीचा. पायपीआयने २०१८ मध्ये टीएलएस या सुरक्षा-पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या स्वीकारणे बंद केले. ज्या पायथनसोबतचे ओपनएसएसएल फार जुने आहे, ते भांडाराच्या दारातच अडते आणि प्रमाणपत्राविषयी किंवा 'प्रोटोकॉल व्हर्जन'विषयी तक्रार करते. अशा वेळी 'ट्रस्टेड होस्ट' हा पर्याय वापरून प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. टीएलएसच्या आवृत्तीचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि उतरवलेली फाइल वाटेत कोणी बदलली तर ते कळण्याचा मार्ग मात्र बंद होतो.

प्रथम काय पाहावे

उपायाकडे वळण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या पायथनशी बोलत आहोत, हे निश्चित करावे. एका संगणकावर तीन-चार पायथन असणे ही सामान्य गोष्ट आहे. 'पायथन'पुढे दोन वजाचिन्हे आणि 'व्हर्जन' हा शब्द लिहिला की त्याची आवृत्ती कळते. 'पिप'पुढे तेच लिहिले की पिपची आवृत्ती तर कळतेच, शिवाय ते कोणत्या पायथनचे आहे हेही ओळीच्या शेवटी कंसात दिसते. ही दोन उत्तरे जुळत नसतील, तर पॅकेज एका पायथनमध्ये बसते आणि आज्ञावली दुसऱ्यात चालते. मग यशस्वीपणे बसवलेले पॅकेजही सापडत नाही. म्हणून नुसते 'पिप' न लिहिता 'पायथन', त्यापुढे वजाचिन्हासह 'एम' हे अक्षर आणि मग 'पिप' असे लिहिण्याची सवय लावावी. विंडोजवर 'पीवाय' या आज्ञेला 'लिस्ट' हा पर्याय जोडल्यास बसवलेल्या आवृत्त्यांची यादी समोर येते.

पायथनची मुदत संपली नसेल, तर प्रथम केवळ पिप अद्ययावत करून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.

पायथन जुनेच निघाले, तर नवे पायथन जुन्याच्या शेजारी बसवावे, जुने काढून टाकू नये. लिनक्सवर ही सावधगिरी विशेष महत्त्वाची आहे, कारण तेथे ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची काही साधने पायथनवर अवलंबून असतात. सेंटओएस ७ मधील 'यम' हे साधन पायथन २.७ वर चालत असे. 'पायथन' या नावाचा दुवा नव्या आवृत्तीकडे वळवला की यम बंद पडे आणि मग दुरुस्तीसाठी काही बसवणेही कठीण होई. या अनुभवांतूनच पुढे प्रणालीच्या पायथनला हात लावण्यास मज्जाव करणारी व्यवस्था आली. डेबियन १२ वर, म्हणजे २०२३ पासून, पिप थेट चालवल्यास 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' असे सांगून नकार मिळतो. त्या नकाराला दोष समजून बळजबरीचा पर्याय वापरणारे पुष्कळ आहेत. योग्य मार्ग पायथन ३.३ पासून अंगभूत असलेल्या 'व्हेन्व्ह'चा आहे. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र फोल्डरात वेगळे वातावरण तयार करावे आणि पॅकेजेस तेथेच बसवावीत. बिघडले तर तो फोल्डर पुसून टाकला की झाले, बाकी संगणकास धक्का लागत नाही. निरनिराळ्या आवृत्त्या एकत्र नांदवण्यासाठी लिनक्स आणि मॅकवर 'पायएन्व्ह' उपयोगी पडते. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना 'कोंडा' अधिक सोयीचे वाटेल, कारण ते पायथनसह सर्वच तयार स्वरूपात आणून देते.

येथे आणखी एक अडसर संभवतो. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती पायथन ३.८ आहे, ३.९ त्यावर बसतच नाही. घरी किंवा एखाद्या प्रयोगशाळेत असा संगणक असेल तर नमपायची १.२४ आणि पांडाजची २.० ही तेथली सीमा आहे. शिकण्यासाठी तेवढे भरपूर आहे. मात्र हाताशी असलेले पुस्तक किंवा पाठ नव्या आवृत्तीवर बेतलेला असेल, तर उदाहरणे न चालल्यास आश्चर्य वाटू देऊ नये. अशा जुन्या संगणकावर लिनक्सची एखादी हलकी प्रणाली चढवणे हा आमच्या मते अधिक टिकाऊ उपाय आहे.

अगदी नवे पायथन घेतल्यासही पॅकेजेस अडू शकतात, हेही नमूद केले पाहिजे. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.१२ मधून 'डिस्टयुटिल्स' हा जुना भाग वगळण्यात आला आणि त्यावर विसंबलेली कैक जुनी पॅकेजेस बसेनाशी झाली. नवी आवृत्ती आल्यानंतर मोठ्या पॅकेजेसची व्हील्स निघण्यास काही काळ जातोच. कामासाठी एक-दोन वर्षे मागची, परंतु आधार चालू असलेली आवृत्ती निवडणे शहाणपणाचे.

जुने सोडताच येत नसेल तर

एखाद्या कार्यालयातील पगारपत्रकाची किंवा प्रयोगशाळेतील यंत्राची आज्ञावली पायथन २.७ वर लिहिलेली असते, लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो आणि ती नव्याने लिहिण्याइतका वेळ वा पैसा नसतो. अशा ठिकाणी जुन्या पायथनला जुनीच पॅकेजेस द्यावी लागतात. पॅकेजच्या नावापुढे दोन बरोबरचिन्हे देऊन हवी ती आवृत्ती मागता येते, म्हणजे जँगोसाठी १.११, नमपायसाठी १.१६, पांडाजसाठी ०.२४. मात्र या आवृत्त्यांत पुढे सापडलेल्या सुरक्षेच्या उणिवा कोणी बुजवलेल्या नाहीत. म्हणून असा संगणक शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवावा, निदान बाहेरून कोणी थेट पोहोचू शकेल अशा जागी तरी ठेवू नये.

संगणक चालू आहे तोवर एक काम अवश्य उरकून घ्यावे. 'पिप फ्रीज' ही आज्ञा बसवलेल्या सर्व पॅकेजेसची आवृत्तीसह यादी देते. ती फाइलमध्ये साठवावी आणि 'पिप डाउनलोड' वापरून त्या यादीतील पॅकेजेस एका फोल्डरात उतरवून ठेवावीत. उद्या हार्ड डिस्क गेली, तर 'नो इंडेक्स' हा पर्याय देऊन त्या फोल्डरातूनच सर्व काही पुन्हा बसवता येते, भांडाराशी संपर्क साधावाच लागत नाही. व्हील फाइली विशिष्ट पायथनसाठी आणि विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असल्यामुळे हे काम त्याच संगणकावर, त्याच पायथनने करावे, आणि त्या फोल्डरातच पायथनची मूळ इन्स्टॉलर फाइलही ठेवून द्यावी.