शहरात घरे नेमकी किती आहेत, हे कसे मोजतात?

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावात घरे किती, हे विचारायचे तर ग्रामपंचायतीत जायचे. तिथल्या नमुना ८ मध्ये, म्हणजे करआकारणीच्या नोंदवहीत, घराचा मालक, क्षेत्रफळ आणि कर एकाच ओळीत सापडतो. महानगराच्या कडेला झपाट्याने वाढलेल्या शहरात मात्र एका वहीत उत्तर मिळत नाही. तिथे प्रत्येक कार्यालयाचा आकडा वेगळा, कारण प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो.

वसई-विरारचे उदाहरण घेऊ. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी इथे महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. एवढ्या लोकांसाठी घरे किती?

कोणती यादी काय सांगते?

महापालिकेच्या नगररचना विभागाकडे फक्त परवानगी घेतलेली बांधकामे असतात. त्यातही भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारतच राहण्यास योग्य ठरते. महारेराची नोंदणी १ मे २०१७ पासून सुरू झाली. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना ती बंधनकारक नाही. म्हणजे जुनी घरे आणि छोट्या इमारती तिथे दिसणारच नाहीत.

मालमत्ता कराची यादी यापेक्षा मोठी असते, कारण अनधिकृत घरालाही कर लागतो. कायद्यात त्यासाठी दुप्पट शास्तीची तरतूद आहे. पण कराची पावती हातात आली म्हणजे घर अधिकृत झाले, असे नाही. अनेकांची फसगत नेमकी इथेच होते.

जनगणना परवानगी विचारतच नाही. रस्ता, अंगण किंवा जिन्यावरून स्वतंत्र दार असले की ते एक 'जनगणना घर'. त्यात दुकान, गोदाम आणि कुलूपबंद सदनिकाही आल्या. म्हणून 'एकूण घरे' हा आकडा वाचताना त्यातली राहती किती, हे आधी पाहावे.

रिकामी घरे आणि टंचाई, दोन्ही एकाच वेळी

२०११ मध्ये देशाच्या शहरी भागात सुमारे १.११ कोटी घरे रिकामी होती. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरांची टंचाई १.८८ कोटी असल्याचे सांगितले. यातले बहुसंख्य लोक रस्त्यावर राहत नव्हते. जवळपास ८० टक्के टंचाई दाटीवाटीची होती, म्हणजे घर आहे, पण लग्न झालेल्या मुलाला वेगळी खोली नाही. आणि ९५ टक्क्यांहून अधिक टंचाई आर्थिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत होती. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेला दोन बेडरूमचा फ्लॅट त्यांच्या उपयोगाचा नाही. ते भाडे किंवा हप्ता त्यांना परवडतच नाही. त्यामुळे नुसत्या रिकाम्या घरांच्या संख्येवरून 'घरे मुबलक आहेत' म्हणणे चुकीचे आहे.

पाडली जाऊ शकणारी घरे मोजायची का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारमध्ये एक अनधिकृत चारमजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला.

अशी घरे वगळली, तर त्यांत राहणारी माणसे हिशेबातून गायब होतात आणि गरज कमी भासते. धरली, तर शहराकडे नसलेला साठा कागदावर दिसतो. म्हणून ती मोजावीत, पण वेगळ्या रकान्यात: परवानगी आहे का, इमारतीची अवस्था कशी, पाणी-सांडपाण्याची सोय आहे का. अवस्थेची नोंद जनगणनेत होते, पण ती प्रगणकाला कुटुंबाकडून मिळालेली माहिती असते. संरचनात्मक तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही.

२०११ नंतरची घरयादी आता २०२७ च्या जनगणनेसाठी होत आहे. तिचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ असा ठरवण्यात आला. तोवरच्या दीड दशकात वसई-विरारसारख्या शहरांत उभ्या राहिलेल्या घरांचे बहुतेक दावे जुन्या आकड्यांवरच बेतलेले आहेत.